पुराव्याइतकेच बोलणारा माणूस : रमाकांत कुलकर्णी यांचे स्मरण

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. ज्यांना त्या दिवशी येता आले नाही त्यांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



मी व्याख्याता नाही. बँकेत कारकून आहे, शिक्षण बी.कॉम. आमच्या कामात बोलण्यापेक्षा लिहिण्याला आणि लिहिण्यापेक्षा जुळवण्याला महत्त्व असते. तरीही कार्यवाहांनी मला उभे केले, कारण मागच्या बैठकीत पोलिसांच्या तपासाबद्दल मी जरा जास्तच बोललो होतो. तेव्हा आज अर्धा तास सहन करून घ्यावे, ही विनंती.

मला ज्यांचे स्मरण करायचे आहे ते रमाकांत कुलकर्णी, भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, म्हणजे जुन्या कारवारकडच्या, अंकोला तालुक्यातले. कारकीर्द महाराष्ट्रात झाली आणि राज्याच्या पोलीस महासंचालक पदापर्यंत ते पोचले. वर्तमानपत्रांनी त्यांना भारताचे शेरलॉक होम्स म्हटले. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या तपासांवर इंग्रजीत पुस्तके लिहिली. त्यातले 'फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम' अधिक गाजले. त्याच पुस्तकावरून २०२४ साली सोनी लिव्हवर 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली. तीत आशुतोष गोवारीकर यांनी कुलकर्णींचे काम केले आहे. आपल्यातल्या तरुण मंडळींनी त्यांचे नाव पहिल्यांदा तिथेच ऐकले असणार. त्यात गैर काही नाही. पण मालिकेत थरार असतो. माणसाची कामाची पद्धत तिथे फारशी दिसत नाही, आणि मला तिच्याबद्दलच बोलायचे आहे.

कोणी विचारील, मुंबईच्या पोलीस अधिकाऱ्याचे स्मरण हैदराबादेत कशासाठी? त्याचे उत्तर मानवत या गावाच्या नावातच आहे. काचीगुड्याहून मनमाडकडे जाणारी गाडी आपण सगळ्यांनी केलेली आहे. नांदेड गेले, पूर्णा गेले, परभणी गेले की मानवत रोड येते, मग सेलू, परतूर, जालना. आपल्यातल्या निम्म्या घरांची सोयरीक याच रुळाच्या दोन्ही बाजूंना आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत परभणी जिल्हा आणि हे शहर एकाच हैदराबाद राज्यात होते. नंतर मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि आपण इथेच राहिलो. राज्याची सीमा सरकली तरी घरातली नाती सरकत नाहीत. तेव्हा मानवतला जे घडले ते आपल्या आजोळी, आपल्या मावशीच्या गावाशेजारी घडले.

काय घडले ते थोडक्यात सांगतो. लहान मुले समोर आहेत, म्हणून तपशील टाळतो. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात त्या एका गावात पाच लहान मुली, एक तान्हे मूल आणि चार बायका अशा दहा जणांचे खून झाले. साल पाहा, १९७२. मराठवाड्यात कोणत्याही म्हाताऱ्या माणसापुढे 'बहात्तर' एवढेच म्हटले तरी तो 'दुष्काळ' म्हणतो. लोक सडक फोडायच्या कामावर, विहिरी कोरड्या, जनावरे बाजारात. अशा दिवसांत गरिबाची एक पोर सांजच्याला घरी आली नाही. मग दुसरी. मग तिसरी. गाव हादरले, पण खुनामागून खून होत राहिले. स्थानिक पोलिसांना धागा सापडेना. शेवटी मुंबईहून गुन्हे शाखेचे पथक गेले. त्याची सूत्रे कुलकर्णींकडे होती.

सरकार पक्षाने न्यायालयापुढे जी हकीकत मांडली ती अशी : पिंपळाखाली गुप्तधन आहे, त्यावर पिशाच्चाचा पहारा आहे, ते प्रसन्न झाले तर धनही मिळेल आणि मूलबाळही होईल, या समजुतीतून हे बळी दिले गेले. गावातली वजनदार माणसे आरोपींच्या पिंजऱ्यात उभी राहिली. जो गावचा कारभार पाहतो त्याच्यावर संशय घेणे १९७३ साली सोपे नव्हते. आजही नाही. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने तो संशय घेतला, तपासला आणि कागदावर आणला. कुलकर्णींच्या कामाची पहिली गोष्ट ही, की माणसाच्या वजनाकडे न पाहता त्यांनी मेलेल्या पोरीपासून सुरुवात केली. गेलेल्या पोरी श्रीमंतांच्या नव्हत्या, म्हणून तपास ढिला पडला नाही.

हीच गोष्ट त्याआधी मुंबईतही दिसली होती. १९६८ साली मुंबईच्या उत्तर उपनगरांत रात्री झोपडीत आणि उघड्यावर झोपलेल्या माणसांच्या डोक्यात घाव घालून खून होऊ लागले. सगळी कष्टाची, गरिबीची माणसे. लुटण्याजोगे त्यांच्यापाशी काही नाही, कोणाशी वैर नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी पूर्व उपनगरांतही रेल्वेलाइनच्या कडेने असेच हल्ले झाले होते. कुलकर्णी तेव्हा गुन्हे शाखेचे उपायुक्त होते. त्यांनी तपास हाती घेतला. पूर्वी संशयावरून धरून पुराव्याअभावी सोडून दिलेल्या एका माणसाची नोंद पोलिसांच्या दप्तरात होती. २७ ऑगस्ट १९६८ रोजी डोंगरी भागात उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी त्याला रस्त्यात ओळखले. बोटांच्या ठशांवरून ओळख पक्की झाली. तो रामन राघव.

इथे माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाचे लक्ष एका गोष्टीकडे जाते. मोठा अधिकारी तो कुलकर्णी, पण रस्त्यात ओळखणारा उपनिरीक्षक. आणि त्या उपनिरीक्षकाला ओळखता आले, कारण कधीतरी कोणी तरी कारकुनाने जुना कागद नीट जपला होता. ठसा नीट घेतला होता, क्रमांक नीट टाकला होता. संध्याकाळी आमचे डे-बुक जुळते तेव्हा कोणी टाळ्या वाजवीत नाही. पण एक व्हाउचर हरवले तर रात्री आठ वाजेपर्यंत सगळी शाखा बसते. तपासही तसाच आहे. सिनेमात नायक एकटा असतो. खऱ्या तपासात अनेकांनी आपापली नोंद बरोबर केलेली असते, आणि मुख्य माणूस ती एकमेकींशी ताडून पाहतो.

पकडल्यावर रामन राघव बोलेना. प्रश्नाला उत्तर नाही. पुढची हकीकत पोलीस वर्तुळात प्रसिद्ध आहे. काही हवे का असे विचारल्यावर त्याने कोंबडीचे जेवण मागितले. ते दिले. मग त्याने आणखी बारीकसारीक वस्तू मागितल्या, त्याही मिळाल्या, आणि तो बोलू लागला. स्वतः पोलिसांना जागा दाखवायला घेऊन गेला. आपल्याकडे समज असा, की पोलीस म्हणजे पट्टा. कुलकर्णींच्या गाजलेल्या तपासातली ही घटना वेगळे सांगते. समोरचा माणूस कोण आहे, त्याला काय हवे आहे, हे समजून घेण्याइतका धीर असेल तर तोंड उघडते.

पुढे १९६९ मध्ये खटला चालला. आरोपीने गुन्हा कबूल केला, फाशीची शिक्षा झाली. तेव्हा सगळे शहर म्हणत होते, द्या फाशी. पण उच्च न्यायालयाने मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमून त्याची तपासणी करविली. मंडळाचे मत पडले, की त्याला बरा न होणारा मानसिक आजार आहे. अखेर १९८७ साली शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो वारला. ज्याने इतकी माणसे मारली त्याच्याही बाबतीत कायद्याने घाई केली नाही.

आता मानवतच्या खटल्याचा शेवट ऐका. तो अनेकांना ठाऊक नसतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७७ साली निकाल लागला. काहींची शिक्षा कायम राहिली. पण ज्या दोघांना सरकार पक्षाने कटाचे सूत्रधार म्हटले होते, ते निर्दोष सुटले. खटला बराचसा माफीच्या साक्षीदारांवर उभा होता. स्वतः गुन्ह्यात सामील असलेल्या माणसाच्या शब्दाला दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याचा आधार लागतो, हा नियम न्यायालयाने तिथे कसोशीने लावला. आजही वकील मंडळी या मुद्द्यावर त्या निकालाचा दाखला देतात.

सभेतल्या ज्येष्ठांपैकी कोणी म्हणेल, मग तपासाचा उपयोग काय झाला? मला उलट वाटते. गुन्हेगार कोण याबद्दल तपासणाऱ्याची मनातली खात्री एक गोष्ट आणि न्यायालयात सिद्ध होणे ही दुसरी. आमच्याकडे खातेदार म्हणतो, 'अहो, मी पैसे भरले, देवाशप्पथ.' माणूस खरा असतो, डोळ्यांत पाणी असते. तरी स्लिपेवर शिक्का नसेल तर मी खात्यात जमा टाकू शकत नाही. उद्या दुसरा खोटा माणूस तीच शपथ घेईल. नियम कडक ठेवावा लागतो तो खऱ्याच्याच रक्षणासाठी. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम इंग्रजांच्या काळच्या पुरावा कायद्यात होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यातही तो ठेवला आहे. आपल्यापैकी कोणाच्या मुलाला उद्या चुकून धरले, तर आपण याच नियमाला हात जोडू.

कुलकर्णींना मी शिक्षक म्हणतो, तो या अर्थाने. वर्गात उभे राहून फळ्यावर लिहिणाराच शिक्षक असतो असे नाही. निवृत्त अधिकारी पुष्कळ असतात. पेन्शन लागते, सकाळी फिरणे, दुपारी झोप, आणि तीस-पस्तीस वर्षांचे ज्ञान त्यांच्याबरोबर जाते. कुलकर्णींनी ते लिहून ठेवले. आपण काय पाहिले, कसे जुळवले, हे पुढच्याच्या हाती दिले. मानवतचा निकाल तसा लागल्यावरही त्यांनी ते प्रकरण गुंडाळून ठेवले नाही. हा शिक्षकाचा गुण आहे.

या शहराला तर पोलीस आणि शिक्षण यांची सांगड नवी नाही. निजामाच्या राजवटीतले कोतवाल राजा बहादूर व्यंकटराम रेड्डी यांचे नाव आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी असे. शहराचा बंदोबस्त पाहणारा हा माणूस रेड्डी हॉस्टेलच्या उभारणीत पुढे होता, आणि खेड्यापाड्यांतून आलेली मुले तिथे राहून शिकली. त्यानंतर १९६४ साली केंद्र सरकारने रामंतापूरला गुप्तचर प्रशिक्षण शाळा काढली. तिथे निरनिराळ्या राज्यांचे अधिकारी तपासाचे शास्त्र शिकायला येत आले. वादग्रस्त दस्तऐवज तपासणारे केंद्र सरकारचे कार्यालयही तिथलेच. खोट्या सहीचा चेक आला की बँकवाल्यांना ते आठवते. १९७५ साली सरदार पटेलांच्या नावाची राष्ट्रीय पोलीस अकादमी माउंट अबूहून शिवरामपल्लीला आली. देशभरातले तरुण आय.पी.एस. अधिकारी आपल्या शहरात घडतात. म्हणजे पोलिसाला शिकवायचे शहर कुठले, तर हैदराबाद. आपण मात्र त्या रस्त्याने विमानतळाकडे जाताना खिडकीतून पाटी वाचतो आणि पुढे जातो.

आता मुख्य मुद्दा. कुलकर्णींचे स्मरण करून हार घालून मोकळे व्हायचे असेल तर मी इथे थांबतो. पण त्यांच्या कामातून आपल्याला आज करण्याजोगे काय, हे सांगितल्याशिवाय मला खाली बसवत नाही.

पहिली गोष्ट अंधश्रद्धेची. आपण शिकलेली माणसे. आपल्या घरांत गुप्तधनासाठी कोणी नरबळी देणार नाही हे खरे. पण अमावस्येला दारात लिंबू-मिरच्या टाकलेल्या दिसल्या की आपणच वळसा घालून जातो, आणि वंश चालावा म्हणून सुनेला बाबांकडे नेणारी घरे या शहरात आहेत. मानवतच्या मुळाशी धनाची आणि मुलाची आस होती. ती आस कोणत्या घरात नाही? महाराष्ट्रात नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झिजले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. कर्नाटकाने २०१७ साली आपला कायदा केला. आपण ज्या राज्यात मतदान करतो तिथल्या उमेदवारांना याबद्दल विचारायला काय हरकत आहे?

इथे एक सावधगिरी. मानवतची कथा सांगताना एका भटक्या जमातीकडे बोट दाखवण्याची अनेकांना सवय आहे. इंग्रजांनी १८७१ साली काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो कायदा गेला, पण मनातून गेला नाही. गुन्हा माणसाचा असतो, आणि तोही सिद्ध झाला तर. परमुलखात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना, एकाच्या वागण्यावरून सगळ्यांना नाव ठेवले की कसे वाटते, हे निराळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट माझ्या काउंटरवरची आहे आणि ती आज फार निकडीची आहे. गेल्या काही वर्षांत असे ज्येष्ठ नागरिक बँकेत येतात, की मुदत ठेव मोडायची आहे, पैसे ताबडतोब पाठवायचे आहेत, कशासाठी ते सांगत नाहीत. हातात फोन, आणि फोन चालूच. चेहरा घामेजलेला. विचारले तर म्हणतात, 'घरगुती काम आहे.' नंतर कळते, की फोनवर गणवेश घातलेला माणूस होता. 'तुमच्या आधार क्रमांकावर पार्सल सापडले, त्यात अमली पदार्थ आहेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केले आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाला सांगितलेत तर मुलगाही आत जाईल.' आयुष्यात ज्यांनी कधी चौकीची पायरी चढली नाही, अशी सभ्य माणसे यात जास्त सापडतात. कारण खरा पोलीस कसा बोलतो, कसा तपास करतो, हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते.

म्हणून कुलकर्णींचा धडा इथे उपयोगी पडतो. खरा तपास घाई करीत नाही. तो कागद मागतो आणि कागद देतो. तो तुम्हाला पैसे पाठवून निर्दोषत्व सिद्ध करा असे सांगत नाही. तो 'कोणाला सांगू नका' असे म्हणत नाही. उलट अटक झाली तर नातलगाला कळवण्याचा तुम्हाला हक्क आहे. फोनवरून अटक असा कोणताही प्रकार आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितले. असा फोन आला तर सरळ ठेवून द्यावा, घरात सांगावे, आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे गेले असतील तर क्षणाचाही वेळ न घालवता कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. आणि बँकेतल्या कारकुनाने दोन प्रश्न जास्त विचारले तर कृपा करून रागावू नका. तुमचेच भले त्यात आहे. आपल्या मंडळींत एकटे राहणारे आजी-आजोबा पुष्कळ, मुले बंगळुरूला नाहीतर अमेरिकेत. मी कार्यकारिणीला सुचवतो, की प्रत्येक गल्लीतून एका तरुणाने अशा चार-पाच घरांची जबाबदारी घ्यावी. महिन्यातून एकदा चहाला जावे आणि हे सांगावे. खर्च काही नाही.

तिसरी गोष्ट राजकारणाची, आणि आपली ही पत्रिका त्यासाठीच आहे. कुलकर्णींना मानवतला जाऊन तपासात बुडता आले, कारण त्या काळापुरते त्यांना दुसरे काम नव्हते. आज ठाण्यातला अधिकारी सकाळी मंत्र्यांच्या बंदोबस्ताला, दुपारी मोर्च्याला, रात्री मिरवणुकीला. तपास करायचा कधी? सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सात निर्देश दिले. त्यात एक स्पष्ट होता, की तपासाचे काम आणि कायदा-सुव्यवस्थेचे काम वेगळे करा, आणि सुरुवात दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांपासून करा. दुसरा होता पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमण्याचा. तिसरा, अधिकाऱ्यांना ठरलेली मुदत मिळावी, मर्जी फिरली की बदली होऊ नये. याला आता पुष्कळ वर्षे झाली. आपले शहर दहा लाखांच्या कितीतरी पुढे गेले आहे. निवडणूक आली की उमेदवार आपल्याकडे येतात, शिवजयंतीला हार घालतात, सभागृहासाठी देणगीचे आश्वासन देतात. आपण टाळ्या वाजवतो. यापुढे त्यांना एवढे विचारा : आमच्या भागातल्या ठाण्यात तपासासाठी वेगळी माणसे किती, आणि ती फक्त तपासच करतात का? उत्तर द्यायला त्यांना माहिती काढावी लागेल. एवढे झाले तरी थोडे काम झाले.

तपास लांबला की काय होते, तेही पाहा. डॉ. दाभोलकरांच्या खुनाचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. खून २०१३ चा. पावणेअकरा वर्षे. एका नामवंत माणसाच्या खुनाला एवढी वर्षे लागली, तर नाव नसलेल्या पोरीला किती लागतील?

शेवटी आपल्या घरापुरते एक मागणे. आपल्यातल्या कितीतरी घरांत निवृत्त माणसे आहेत. कोणी महसुलात होते, कोणी रेल्वेत, कोणी शाळेत, कोणी पोलिसात. जुन्या पिढीतल्या काहींनी अमीन आणि मोहतमीम यांचे दिवस पाहिले होते. उर्दूत लिहिलेली दप्तरे त्यांना वाचता येत होती, मोडीही येत होती. ती माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही गेले. आपण तेराव्याला जेवलो आणि घरी आलो. राहिलेत त्यांच्याकडून तरी लिहून घेऊ या. शंभर पानी वहीत, साध्या मराठीत. मी कोणते काम केले, ते कसे करतात, त्यात लबाडी कुठे होते आणि ती कशी ओळखावी. मंडळाच्या वाचनालयात या वह्यांसाठी एक कपाट मोकळे करून देण्याचे ग्रंथपालांनी कबूल केले आहे. कुलकर्णींचे पुस्तकही तिथे ठेवू. नोंदवही ठेवण्याचे आणि कोणती वही कोणाकडे गेली हे पाहण्याचे काम मी करीन. ते मला जमण्यासारखे आहे.

पहिली वही आणून देणाऱ्याची पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजता, वाचनालयात वाट पाहतो.